विषय क्रमांक सात : जिन्यातले दिवे

वार्षिक सभेच्या नोटिशीत जिन्यातल्या दिव्यांचा विषय सातव्या क्रमांकावर होता. त्याआधी ताळेबंद मंजूर झाला, थकबाकीदारांची नावं न घेता त्यांच्याकडे बघून झालं, टाकीची गळती चर्चेला येऊन पुढच्या वर्षावर गेली. सातव्या क्रमांकापर्यंत बटाटेवडे गार झाले होते आणि निम्मी सभा घड्याळ बघत होती. कोथरूडमधल्या त्या चार मजली, बिनलिफ्टच्या, सोळा बिऱ्हाडांच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना वाटलं, दोन मिनिटांत उरकेल. ठराव साधा होता : 'जिन्यातील, पार्किंगमधील व फाटकावरील दिवे रात्रभर चालू असतात, ते वारंवार जातात, सबब टिकाऊ दिवे बसवण्यात यावेत.' सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला. मग दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी विचारलं, "टिकाऊ म्हणजे किती?"

सभा पावणेदोन तास लांबली.

घरातला दिवा लावायचा आणि मालवायचा असतो. जिन्यातला फक्त लावायचा असतो. तो मालवायचं काम कोणाचं, यावर एकमत झालेली सोसायटी अजून बांधली गेलेली नाही. वॉचमन म्हणतो, माझी पाळी सहाला संपते आणि हिवाळ्यात सहाला अंधार असतो. दूधवाला आणि पेपरवाला म्हणतात, आमचा काय संबंध. तळमजल्यावरचे म्हणतात, आम्हाला जिना लागतच नाही. अशा रीतीने सकाळी साडेअकराला, चांगलं ऊन पडलेलं असताना, चारही मजल्यांवरचे दिवे इमानेइतबारे जळत असतात आणि वर-खाली करणारा प्रत्येक जण 'काय हे, कोणाला फिकीर नाही' असं म्हणत बटणाशेजारून जातो.

वर्षाचे तास ८,७६०. रात्रीचे बारा धरले तर ४,३८०. जुन्या तारेच्या बल्बचं आयुष्य साधारण १,००० तास. म्हणजे रोज बारा तासांच्या ड्युटीवर लावलेला बल्ब त्र्याऐंशी दिवसांत खलास. गुढीपाडव्याला चढवला तर आषाढी एकादशीही त्याला दिसायची नाही. वर तो साठ वॅटचा असला तर वर्षाला २६३ युनिटं खायचा. युनिटला दहा रुपये धरले तर एका होल्डरमागे दोन हजार सहाशे रुपये. तेच काम नऊ वॅटचा एलईडी एकोणचाळीस युनिटांत करतो. त्यामुळे ५ जानेवारी २०१५ ला केंद्र सरकारची 'उजाला' योजना आली आणि एलईडी बल्ब स्वस्त झाले, तेव्हा या सोसायटीनेही हात धुऊन घेतले. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एका बल्बला ३१० रुपये पडत होते, ते २०१६ पर्यंत ३८ वर आले. चांदीचं ताट पत्रावळीच्या भावात मिळावं तसा हा प्रकार होता. सगळ्या जिन्यात एलईडी लागले. खोक्यावर छापलं होतं, २५,००० तास. खजिनदारांनी हिशेब केला, रात्रपाळीवर पावणेसहा वर्षं. ते इतके खूश झाले की त्यांनी अंदाजपत्रकातून 'बल्ब' हे कलमच काढून टाकलं.

बल्ब पाच-सहा महिन्यांत जायला लागले.

इथे त्या काचेच्या गोळ्यांबद्दल सांगायला हवं. जिन्यातल्या प्रत्येक दिव्यावर दुधी काचेचा एक बंद गोळा होता. खाली पितळी कडं, वर रबराची चकती. मागच्या अध्यक्षांनी हे गोळे मोठ्या हौसेने बसवले होते, 'जिन्याला जरा शोभा नको का?' म्हणून. माजी अध्यक्ष सभेला पहिल्या रांगेत बसतात. त्यामुळे गेली अनेक वर्षं दिवे का जातात याची कारणं व्होल्टेज, बल्बची कंपनी, वॉचमन आणि एकूण काळ यांत शोधली गेली होती. गोळ्याकडे कोणी बोट दाखवलं नव्हतं.

आणि दुसरं टोक म्हणजे मीटरच्या खोलीतला बल्ब. हा जुना, तारेचा, काळवंडलेल्या होल्डरमधला. उजेड नारिंगी, संध्याकाळच्या सूर्यासारखा. तो रात्रंदिवस चालू असायचा, कारण त्याचं बटण कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. पंपाच्या खोलीतलाही असाच मिणमिणायचा, पण तिथे कोण जातं? "माझ्या नातवाच्या मुंजीपासून हाच आहे," तळमजल्यावरच्या आजींनी सभेत साक्ष दिली. नातू आता स्वतः मुलगा मुंजीचा करून बसला आहे. "तसे बल्ब का नाही आणत? तेव्हा वस्तू वस्तू होत्या."

या मुद्द्यावर सभेत एकदम जोर चढला. खजिनदारांनी खिशातून फोन काढला. त्यांची मुलगी न्यू जर्सीत असते. तिने तिथल्या एलईडीच्या खोक्याचा फोटो पाठवला होता आणि त्यावर चक्क २२.८ वर्षं असं छापलं होतं. बावीस पूर्णांक आठ! त्या 'पूर्णांक आठ'ने सभेवर फार छाप पडली. नुसतं 'बावीस' म्हटलं असतं तर कोणी विश्वास ठेवला नसता, पण जो माणूस साडेनऊ महिन्यांचाही हिशेब देतो तो खोटं कशाला बोलेल? येताना दोन डझन आणायला सांगू या, असा प्रस्तावही आला.

तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त अभियंते राहतात. प्रत्येक सोसायटीत एक असतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो बोटांनी मोठा केला आणि खालची मुंगीच्या पावलांसारखी अक्षरं मोठ्याने वाचली : रोज तीन तास. अमेरिकेत खोक्यावरचं आयुष्य दिवसाला तीनच तास वापर धरून छापायचं असा नियम आहे. २५,००० ला तीनने भागा, मग ३६५ ने भागा, आले २२.८. म्हणजे न्यू जर्सीचा तो दीर्घायुषी आणि जिन्यात मेलेला हे कागदावर सख्खे भाऊ होते. अखंड जळत ठेवला तर तो बावीस वर्षांचा गडी दोन वर्षं दहा महिन्यांत निवृत्त. शिवाय तिथली वीज १२० व्होल्टची आणि बल्बला आटे, पिना नाहीत. दोन डझनांचा प्रस्ताव मागे घेण्यात आला.

"पण पंचवीस हजार तास तरी कोणी बघितलेत?" असं एका तरुण सभासदाने विचारलं. आयटीतल्या माणसाने विचारलेला हा त्या संध्याकाळचा सर्वात चांगला प्रश्न होता. कोणीच बघत नाही, हे त्याचं उत्तर. एलईडीच्या चिपा प्रयोगशाळेत साधारण ६,००० तास, म्हणजे आठेक महिने, जळत ठेवतात. उजेड किती उतरला ते मोजतात आणि तिथून पुढचं भविष्य आलेख लांबवून काढतात. त्यालाही नियम आहे, चाचणीच्या सहा पटींपलीकडचं भाकीत छापायचं नाही. ज्योतिषात ही शिस्त असती तर पुष्कळ बरं झालं असतं. आणि 'आयुष्य संपलं' म्हणजे दिवा विझला असंही नाही. उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर आला की कागदोपत्री तो गेला. या न्यायाने सभेला हजर असलेले निम्मे सभासद कधीच गेले आहेत, हे अभियंत्यांनी मनातच ठेवलं.

गोम अशी की ही पत्रिका एकट्या चिपेची असते. संसार तिला ड्रायव्हरबरोबर करायचा असतो.

हे शेवटी वायरमनने दाखवलं. त्याला सभेला बोलावलं होतं आणि तो इतका वेळ कट्ट्यावर बसून गार वडे संपवत होता. त्याने पिशवीतून जिन्यातले दोन मेलेले बल्ब काढले, पक्कड घेतली आणि एकाची दुधी टोपी मुरगळून उपटली. आत ॲल्युमिनियमची गोल चकती, तिच्यावर साबुदाण्याएवढे पिवळे चौकोन कडेकडेने मांडलेले. एका चौकोनावर काळा तीळ. "हा एक जळाला की माळेतले सगळे बंद. एकाच तारेत ओवलेत ना." मग दुसरा बल्ब. त्याची चकती ठीक होती. तिच्याखालून त्याने बोटभर हिरवी पट्टी ओढून काढली, हाच तो ड्रायव्हर. त्या पट्टीवर शेंगदाण्याएवढं एक नळकांडं होतं आणि त्याचं डोकं पुरीसारखं टम्म फुगलेलं होतं.

"हा कपॅसिटर. याच्यातलं पाणी आटलं. दिव्याला काय झालं नव्हतं." त्याने नळकांडं सेक्रेटरींच्या तळहातावर ठेवलं. सेक्रेटरींनी ते माजी अध्यक्षांकडे सरकवलं. "साहेब, हे दिवे उजेडाने जात नाहीत, उकाड्याने जातात," वायरमन म्हणाला.

वायरमनचं एक वाक्य आणि अभियंत्यांचं पुढचं दहा मिनिटांचं व्याख्यान यांत अर्थ एकच होता. अशा कपॅसिटरवर १०५ अंश असं छापलेलं असतं, आणि साधा असेल तर त्या तापमानाला त्याचं आयुष्य २,००० तास. दर दहा अंशांनी थंड ठेवला की आयुष्य साधारण दुप्पट. ९५ ला चार हजार, ८५ ला आठ, ७५ ला सोळा, ६५ ला बत्तीस हजार. उलटही तसंच, दहा अंश चढवले की निम्मं. तारेच्या बल्बची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापलेली असते. तिला गोळ्यातल्या साठ-सत्तर अंशांचं काय सोयरसुतक? तिची उष्णता किरणांतून काचेबाहेर निघून जाते. एलईडीची उष्णता मात्र पाठीतून उतरते, बल्बच्या खालच्या अंगातून, आणि नेमका तिथेच ड्रायव्हर बसलेला असतो. मोकळ्या हवेत ती निघून जाते. रबरी चकतीने बंद केलेल्या दुधी गोळ्यात बल्ब रात्रभर स्वतःच्याच वाफेत बसतो. किड्यांना त्या गोळ्यात जायची वाट सापडत होती. उष्णतेला बाहेर यायची सापडत नव्हती.

माजी अध्यक्ष म्हणाले, "शोभा म्हणून बसवले होते." सभेने त्यांच्या हौसेची नोंद घेतली.

पुढच्या शनिवारी तिघांचं शिष्टमंडळ विजेच्या सामानासाठी तापकीर गल्लीत गेलं. तिथल्या दुकानदारांना गिऱ्हाईक दारात उभं राहिल्या राहिल्या कळतं की सोसायटीचं आहे, कारण तिघं जण असतात आणि तिघांची तीन मतं असतात. "चांगला दिवा दाखवा," सेक्रेटरी म्हणाले. "चांगलेच आहेत," दुकानदार म्हणाला. "टिकाऊ?" "किती तास चालवणार?" "रात्रभर." दुकानदाराने समोर मांडलेले चार बल्ब परत खोक्यात घातले आणि पोटमाळ्याकडे बघून पोराला हाक मारली. मग वरून आली ती ॲल्युमिनियमच्या पाठीची लांब एलईडी पट्टी, भिंतीवर उघडी बसणारी, आणि फाटकासाठी जाळीचा एक जाडजूड बल्कहेड. "हातात घेऊन बघा." खजिनदारांनी कलिंगड जोखावं तसा तो जोखला. जड होता. धातूचं अंग म्हणजे उष्णतेला बाहेर पडायची वाट, एवढं आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं. दुकानदाराने आणखी दोन गोष्टी बघायला लावल्या. ड्रायव्हर वेगळा बदलता येतो का, आणि विजेचा झटका किती सोसतो. मध्यरात्री आख्खी पेठ झोपली की तारेतला दाब चढतो आणि जागा असतो तो फक्त जिन्यातला दिवा, सगळे धक्के तोच खातो. फाटकावरच्या दिव्यावर आयपी ६५ हवं, म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा सोसतो. 'वॉटरप्रूफ' नुसतं तोंडाने म्हणायचं असेल तर छत्रीचा दुकानदारही म्हणतो.

रंगावरून मात्र दुकानातच जुंपली. खजिनदारांना पांढराशुभ्र हवा होता, पैसे वसूल झाल्यासारखे दिसतात. सेक्रेटरींना पिवळसर हवा होता, कारण पांढऱ्याकडे किडे जास्त येतात, किड्यांमागून पाल येते, आणि पालीमागून दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची लेखी तक्रार येते. काकूंच्या तक्रारीचं वजन जास्त भरलं. पिवळसर घेतला.

परतताना रिक्षात अभियंत्यांनी (तिसरे तेच होते) लिव्हरमोरची गोष्ट सांगितली. कॅलिफोर्नियातल्या या गावी अग्निशमन केंद्रात एक बल्ब १९०१ पासून जळतो आहे. ओहायोच्या शेल्बी कंपनीचा, हाताने घडवलेला. १९७६ मध्ये केंद्र नव्या इमारतीत गेलं तेव्हा आटे फिरवताना फुटेल या भीतीने वायरच कापली आणि बंबांच्या ताफ्यात त्याची वरात काढली. तेव्हा तो बावीस मिनिटं विझला होता. २०१५ मध्ये त्याने दहा लाख तास पुरे केले. त्याच्यावर नजर ठेवायला कॅमेरा लावलेला आहे. बल्ब तोच राहिला, कॅमेरे मात्र बदलावे लागले. "म्हणजे आजी म्हणतात ते खरं," खजिनदार म्हणाले, "पूर्वीच्या वस्तू वस्तू होत्या." अभियंते हसले. तो बल्ब आता जेमतेम चार वॅटचा उजेड देतो. त्याच्या उजेडात पेपर वाचायचा तर बातमी शिळी होईल.

बल्बवाल्यांनी मुद्दाम आयुष्य कमी केलं, हे काही निव्वळ कट्ट्यावरचं बोलणं नाही. डिसेंबर १९२४ मध्ये जिनिव्हाला ऑसराम, फिलिप्स वगैरे बड्या कारखानदारांनी 'फीबस' नावाची युती केली आणि बल्ब १,००० तासच चालला पाहिजे असं ठरवलं. तोवर दीड-दोन हजार तास चालणारे बल्ब सर्रास मिळत. सभासद कारखान्यांचे नमुने तपासले जात, आणि ज्याचा बल्ब फार टिकेल त्याला दंड! जगात दिवा टिकला म्हणून दंड भरावा लागलेली एवढीच मंडळी असतील. पण त्यांच्या बाजूने बोलायलाही थोडी जागा आहे. तार कमी तापवली की बल्ब खूप जगतो, पण उजेड झपाट्याने पडतो आणि वीज खाणं काही तितकं कमी होत नाही. लांब आयुष्य हवं की लख्ख उजेड, हा सौदा होताच. त्यांनी तो ग्राहकाला न विचारता ठरवला, आणि नफा तेवढा स्वतःकडे ठेवला.

अखंड दिव्याचा खर्च आधीच मांडून ठेवण्याची बुद्धी मात्र तंजावरकडे दिसते. तिथल्या बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसल्यांचा मराठी इतिहास आहे, तो बघायला मराठी माणसं आवर्जून जातात. पण त्याच देवळात त्याच्याही आठशे वर्षं आधीचे चोळांचे लेख आहेत आणि त्यांत नंदादीपाचा दर कोरलेला आहे. एका दिव्याला ९६ मेंढ्या, नाहीतर ४८ गाई, नाहीतर १६ म्हशी. गुरं मेंढपाळाच्या ताब्यात द्यायची आणि त्याने रोज ठरलेलं तूप दिव्याला घालायचं. चोळांच्या लेखांत अशा मेंढ्यांना 'न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या' म्हटलेलं असतं. एखादी मेली तरी कळप भरून काढायची जबाबदारी मेंढपाळाची. वॉरंटी असावी तर अशी. आपल्या खोक्यांवर दोन वर्षं लिहितात आणि बिल मागतात, जे कधीच सापडत नाही.

सोसायटीने पट्ट्या बसवल्या. आयटीतल्या सभासदाच्या आग्रहाने दोन मजल्यांवर हालचाल ओळखणारे सेन्सर लावले. एलईडीला सारखं उघडमीट चालतं. ट्यूबला चालत नाही, दर वेळी पेटताना तिच्या टोकांवरचा लेप थोडा झिजतो, म्हणून पार्किंगमधली कधीच न मालवलेली ट्यूब इतकी वर्षं टिकली. दिव्याला काही झालं नाही, माणसांना झालं. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा दर चार पायऱ्यांनी दम खायला थांबतात. ते थांबले की दिवा जाई. मग ते अंधारात आरती ओवाळावी तसे दोन्ही हात फिरवत. वरून उतरणाऱ्या एका पाहुण्या बाईंनी एकदा हे दृश्य पाहिलं आणि त्या पुन्हा वर गेल्या. फाटकावर तर अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा होता. वायरमनच्या पोराने त्याचा डोळा नेमका दिव्याच्या समोर बसवला. अंधार झाला, दिवा लागला, डोळ्याला उजेड दिसला, दिवा विझला, अंधार झाला. रात्रभर फाटक गणपतीच्या मांडवासारखं लुकलुकत राहिलं. समोरच्या सोसायटीने विचारलं, काही कार्यक्रम आहे का.

हेही दुरुस्त झालं. सगळ्यात शेवटी राहिली होती पंपाची खोली. तिथला मिणमिणता बल्ब काढून वायरमनने नऊ वॅटचा एलईडी लावला. गोळ्याशिवाय, मोकळा. खोली लख्ख झाली. पहिल्यांदाच कळलं की तिथे एक जुनी सायकल आहे.

त्याच संध्याकाळी मीटरच्या खोलीतला बल्ब विझला.

आजी दारात येऊन उभ्या राहिल्या. सगळे जमले. अभियंत्यांनी बल्ब काढून कानाशी धरला, हलवला. आवाज नाही. उजेडासमोर धरला तर तार अखंड! वायरमनला बोलावलं. त्याने दोन्ही खोल्यांमधली वायर चाचपली, पंधरा मिनिटं भिंतीला कान लावल्यासारखा उभा राहिला आणि हसायला लागला. इमारत बांधणाऱ्याच्या वायरमनने चुकून दोन्ही बल्ब एकापुढे एक, एकाच तारेत जोडले होते. २३० व्होल्ट दोघांत वाटले जात. "दोघं एका ताटात अर्धपोटी जेवत होते. म्हणून टिकले." प्रत्येक साठ वॅटचा बल्ब वीसेक वॅट खाई आणि पाच-सहा पणत्यांएवढा उजेड देई. म्हणजे दोघांनी मिळून अहोरात्र, वर्षाला साडेतीनशे युनिटं. आता ताटावर एलईडी येऊन बसला होता. त्याने सगळं व्होल्टेज ओढून घेतलं आणि म्हाताऱ्याच्या वाट्याला तार कोमट करण्यापुरतंही उरलं नाही.

खजिनदारांनी तिथेच साडेतीनशे गुणिले दहा केलं आणि गुणाकार मोठ्याने सांगितला. आजींनी तो ऐकला नाही. मीटरच्या खोलीत नवी वायर ओढून एलईडी लावावा, असं कार्यकारिणीचं मत पडलं. पण आजींनी सह्यांची मोहीम काढली आणि सोळापैकी अकरा बिऱ्हाडांनी सह्या केल्या, त्यांत माजी अध्यक्षांची पहिली होती. पुढच्या सभेच्या नोटिशीत विषय क्रमांक चार आहे : 'मीटरच्या खोलीतील बल्ब पूर्ववत करण्याबाबत.' पंपाच्या खोलीतून काढलेला त्याचा जोडीदार आजींनी वायरमनच्या पोराकडून मागून घेतला आहे. तो सध्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या रव्याच्या डब्यात आहे.